आपोआप आलेली माणसं

जळगावच्या कृपाद्वार पेंटेकॉस्टल मंडळीचा वर्धापनदिन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असतो आणि त्याआधीचे तीन दिवस सगळी मंडळी उपास करते. आता उपास म्हटला की आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी असा रोजच्यापेक्षा दुप्पट बेत होतो. इथे तसं नाही. गुरुवार सकाळपासून रविवार सकाळपर्यंत नुसतं पाणी. ज्यांना डॉक्टरनं दम दिलाय त्यांना चहा-बिस्कीट, तेही इतरांच्या नजरेआड.

रविवारी उपासना सुरू झाली की पाळक, म्हणजे पास्टर, मंडळीच्या जन्माची गोष्ट सांगतात. ती अशी. १९७४ साली केरळहून आलेले पास्टर चाको पिंप्राळ्याच्या रस्त्यावरच्या एका चाळीत पाच महिने एकटे राहिले. एक माणूस त्यांच्याकडे फिरकला नाही. मग त्यांनी खान्देशच्या माणसांसाठी अन्न सोडून, दार लावून, तीन दिवस प्रार्थना केली. चौथ्या दिवशी, रविवारी, दार उघडलं, तर अंगणात चाळीस माणसं बसलेली! कोणी निरोप दिला नाही, कोणी बोलावणं धाडलं नाही, आपोआप आलेली. आणि येताना जेवणसुद्धा घेऊन आलेली. 'आपोआप' हा शब्द उच्चारला की हॉलमध्ये 'हालेलुया'चा असा गजर होतो की बाहेरच्या रस्त्यावरचे रिक्षावाले माना वळवून बघतात.

त्या गजरात एका बाईचा आवाज दरवर्षी जरा दबकाच असायचा. ती भिकुबाई. वय शहात्तर, माहेर अमळनेरकडचं, भाषा अजून तिकडचीच, अहिराणी. मंडळी तिला भिकुअक्का म्हणते. पहिल्या चाळिसांपैकी जळगावात आता दोघंच उरलेले, एक ही आणि दुसरे एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले तोतारामआबा. त्यामुळे वर्धापनदिनाला त्या दोघांना पुढच्या रांगेत खुर्च्या असतात आणि हार असतात. हार गळ्यात पडला की भिकुबाईची मान जी खाली जायची ती उपासना संपेपर्यंत वर यायची नाही. लोकांना वाटायचं, काय ही नम्रता!

नम्रता कसली. त्या चाळिसांतलं एकही माणूस आपोआप आलेलं नव्हतं. भिकुबाईनं घरोघर जाऊन बोलावलं होतं त्यांना. भरीत खायला.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. नवरा, नवल, तेलाच्या मिलमध्ये कामाला. चाळीत सात खोल्या, मध्ये अंगण, आणि कोपऱ्यातल्या खोलीत हा काळासावळा, उंच, चष्मेवाला मद्राशी. केरळचा असला तरी तेव्हा दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस मद्राशीच. रोज सकाळी बगलेत पुस्तक घालून रेल्वे गेटाशी उभा राही, येणाऱ्याजाणाऱ्याला कागद वाटी. लोक कागद घेत आणि त्यात शेंगदाणे बांधून नेत. मराठीचा 'म' येत नव्हता, हिंदी तोडकीमोडकी. चाळीतलं कोणी त्याच्याशी वाईट वागलं नाही, पण चार शब्द बोलायलाही कोणी गेलं नाही. बोलणार तरी कोणत्या भाषेत?

एका गुरुवारी त्यानं दार लावून घेतलं. सकाळी स्टोव्हचा आवाज नाही. दुपारी नाही. भिकुबाईची न् त्याची भिंत एकच होती, त्याच्याकडे मोहरी तडतडली की हिला शिंक यायची. शुक्रवारीही स्टोव्ह पेटला नाही. दिवसातून दोनदा दार किलकिलं होई, तो नळावरून तांब्याभर पाणी घेई आणि पुन्हा आत. आतून बारीक आवाजात रडल्यासारखं काहीतरी ऐकू येई.

"त्याना उपास व्हई," नवल म्हणाला.

"उपासले कोणी इतलं भुक्या ऱ्हास का?" भिकुबाई म्हणाली. तिला उपास माहीत होता. एकादशीला तिच्या सासूला इतर दिवसांपेक्षा जास्त रांधावं लागे. दोन-दोन दिवस चूल बंद म्हणजे उपास नव्हे, उपासमार. घरी दाणा नाही आणि मागायला जीभ नाही, हे तिचं पक्कं मत झालं. आणि एकदा भिकुबाईचं मत झालं की ते बदलायला नवल काय, नवलचा बापही धजावत नसे.

पण करायचं काय? एकट्या पुरुषाच्या खोलीवर तरण्या बाईनं ताट घेऊन जायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी नळावर रांगेतल्या बायकांना महिनाभराचा विषय. नवलच्या हाती पाठवावं, तर भीक घातल्यासारखं दिसायचं. परक्या मुलखात माणूस उपाशी राहील, पण भीक घेईल का? शनिवारी दुपारपर्यंत तिनं विचार केला आणि मग पदर खोचून निघाली. सातही खोल्यांत, मागच्या गल्लीत, समोरच्या पिठाच्या गिरणीत, सगळ्यांना एकच बोलावणं. "उद्या आमना अंगणमा भरीत शे. बठ्ठा या." नवी वांगी नुकतीच बाजारात आली होती, त्यामुळे कोणाला फार आग्रह करावा लागला नाही. आपल्याकडे भरिताला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. एकानं असोद्याची वांगी आणायचं कबूल केलं, एकीनं पुऱ्यांची कणीक, कोणी कांद्याची पात, कोणी तेल. सगळी चाळ अंगणात जेवायला बसली की दारातल्या माणसाला "तू पण ये" म्हणणं भाग पडतं. मग ते दान राहत नाही, शेजार होतो.

रविवारी सकाळी साडेनवाला अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ झाला, त्यावर वांगी भाजायला घातली आणि माणसं भोवती बसली. जागा कमी, म्हणून बरीचशी कोपऱ्यातल्या खोलीकडे तोंड करून बसली. तेवढ्यात त्या खोलीचं दार उघडलं.

तो दारात उभा राहिला. गाल बसलेले, डोळे लाल. त्याच्यामागे खोलीत वळकटी बांधून उभी केलेली भिकुबाईला दिसली आणि तिचं पोट तुटलं. एवढं दारिद्र्य, की अंथरूण पसरून ठेवायला खाटसुद्धा नाही! सगळी डोकी त्याच्याकडे बघत होती, तो त्यांच्याकडे बघत होता. कोणी बोलेना. बोलावणं भिकुबाईचं, म्हणून पहिला शब्दही तिनंच काढायला हवा होता. ती दोन पावलं पुढे गेली आणि म्हणाली,

"भाऊ, जेवनात का?"

त्यावर तो गडी उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. मग उठला, डोळे पुसले, टाळ्या वाजवत त्याच्या भाषेत गायला लागला. आवाज असा गोड, की वांगी उलटणाऱ्याचे हात थांबले. गाणं संपल्यावर त्यानं तोडक्या हिंदीत तासभर काहीबाही सांगितलं. लोकांना वाटलं, जेवणाआधी काहीतरी म्हणायची यांच्यात पद्धत असेल. पाहुण्याचं तोंड कसं धरायचं? वांगी करपायला आली होती, पण सगळी गप्प बसून राहिली. मग भरीत ठेचलं, पुऱ्या तळल्या, आणि पास्टर चाको असे जेवले की भिकुबाईचा जीव भांड्यात पडला. "कल फिर आना," ते प्रत्येकाला हात जोडून म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकरा जण गेले. काही गाण्यासाठी, तोताराम दारूतून सुटावा म्हणून त्याची आई त्याला ओढत घेऊन, आणि भिकुबाई एवढ्यासाठी की बोलावलेल्या पाहुण्याला असं एका जेवणावर सोडून देता येत नाही.

त्या अकरांतून मंडळी झाली. तिचा इतिहास काही लहान नाही. गिरणा नदीत पहिला बाप्तिस्मा झाला त्या साली पाणी गुडघाभर, त्यामुळे तोतारामाला वाळूत आडवं करून बुडवावं लागलं. मग पत्र्याचं शेड आलं, उन्हाळ्यात त्यात बसणं म्हणजेच एक साक्ष होती. डफाचा आवाज गल्लीला झोपू देईना, तेव्हा भांडण झालं आणि मिटलंही. तेव्हापासून डफाला फडकं बांधतात. शेवटी शहाण्णव साली पक्का हॉल उभा राहिला. भिकुबाईच्या पोराचा विषमज्वर उतरला तो याच माणसांच्या प्रार्थनेच्या दिवसांत, आणि नवल गेला तेव्हा खांदा द्यायला हीच माणसं पुढे झाली. तिच्या विश्वासात खोट काढायला जागा नव्हती.

खोट होती ती एका शब्दात. पहिल्या वर्धापनदिनाला पास्टर चाकोंनी नव्यानं शिकलेल्या मराठीत ती 'आपोआप'ची गोष्ट सांगितली, तेव्हा अकराच्या अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. तोताराम तोंड उघडणार, तेवढ्यात भिकुबाईनं मान हलवून त्याला गप्प केलं. कारण पास्टरांचे डोळे भरून आले होते. म्हटलं, असू दे, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकली ती झाकलीच राहिली. पुढल्या वर्षी धुळ्याला मोठी सभा होती. तिथे पास्टरांनी ऐनवेळी तिला साक्ष द्यायला उभं केलं. मांडवात हजार माणसं. तिच्या तोंडातून निघून गेलं, "माझे पाय त्या दिवशी आपोआप अंगणाकडे वळले." अंगण तिचं, चूल तिची, वळतील नाही तर काय! पण मांडव दणाणला. त्यानंतर मागे फिरायला वाट उरली नाही. एका लग्नाची गोष्ट सगळ्या गावाला माहीत आणि नवरदेवालाच नाही, तसं हे झालं. नवरदेव मात्र गावोगाव ती गोष्ट सांगत हिंडत होता.

२००६ साली पास्टर चाको रिटायर होऊन केरळला गेले. मंडळी तरुण हितेंद्र पाळकांकडे आली. आणि यंदा, २०२४ साली, पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून हितेंद्रच्या बायकोनं, दिपमालानं, स्मरणिका काढायचं मनावर घेतलं. दिपमाला शाळेत मराठी शिकवते. तिच्या हातून कागद सुटत नाही आणि कोणी माणूसही सुटत नाही.

"अक्का, तुमची साक्ष पहिल्या पानावर," ती दिवाळीनंतर वही घेऊन आली. "फोटो, खाली तुमची सही, आणि सहीच्या वर ओळ टाकतेय, 'हे मी प्रभूसमोर सत्य सांगत आहे.' धुळ्याला जे सांगितलं होतंत तेच लिहिलंय, फक्त ऐका."

भिकुबाईनं ऐकलं. तिशीत बायबल वाचता यावं म्हणून ती अक्षरं गिरवायला शिकली होती. त्याच हातानं तिनं सही केली. दिपमाला गेल्यावर तिला वाटलं, हाताला कोणीतरी चटका दिलाय.

बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं नातवंडं वाचतात. शिवाय त्या रविवारी प्रभुभोजन. भाकरी घेण्याआधी प्रत्येकानं आपलं मन तपासायचं आणि कोणाशी काही खोटं केलं असेल तर आधी ते मिटवून यायचं, असा मंडळीचा नियम. इतकी वर्षं तिनं ते 'त्यात काय एवढं' म्हणून बाजूला सारलं होतं. आता तर खाली सही होती. आणि पास्टर चाको स्वतः येणार होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, साखरेनं पोखरलेले. पुन्हा जळगाव बघतील याचा भरवसा नव्हता. सांगायचं तर आत्ताच. पण सांगून त्या म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं धन हिसकावून घ्यायचं?

ती तोतारामआबांकडे गेली. आबा ओट्यावर बसून स्टोव्हची पिन साफ करत होते.

"अक्का, तुनं डोकं फिरनं का?" आबा म्हणाले. "पन्नास वरीस आपण गप्प ऱ्हायनूत. आते त्यासना जीव जावाना टाइमले सांगशी का, की तुमना चमत्कार म्हंजे वांगानं भरीत?"

"सही करी टाकी मी."

"मी बी करी. मना बी फोटो शे, दुसरा पानवर." आबांनी पिन डोळ्यांपुढे धरली. "तू काई बोलू नको. आधी पोटोबा मंग विठोबा, हाई तर दुनियाभर चालस. आपला पोटोबानं काम करं, देवनं बी करं. चुप बस."

आबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणूनच ते तिला पटलं नाही.

शुक्रवारी पास्टर चाको गाडीतून उतरले. सगळी मंडळी उपाशीपोटी स्टेशनावर. ते मुलाचा हात धरून खाली आले, पांढरे झालेले, वाळलेले, पण हसू तेच. "भिकुबाई!" त्यांनी गर्दीत पहिली हाक तिला मारली. ती पाया पडायच्या निमित्तानं जी वाकली ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

शनिवारी सकाळी स्मरणिकेचे गठ्ठे आले. तीनशे प्रती. दिपमालानं पहिली प्रत भिकुबाईच्या हातात ठेवली. पहिल्या पानावर तिचा फोटो, हिरव्या लुगड्यातला, आणि शेजारी ठळक अक्षरात, 'माझे पाय आपोआप वळले.' खाली ती ओळ. त्याखाली तिची वाकडीतिकडी सही. उपासाचा तिसरा दिवस होता. भिकुबाईनं स्मरणिका मिटून बगलेत मारली आणि बाहेर पडली.

पास्टर चाको हॉलच्या मागे, हितेंद्रच्या घरासमोर, स्वेटर घालून उन्हात बसले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. ती जाऊन समोर उभी राहिली.

"बसा, भिकुबाई. पुस्तक छान झाला आहे ना?" तीस वर्षं जळगावात काढून त्यांचं मराठी चांगलंच वळलं होतं, फक्त शब्दांच्या लिंगांनी त्यांचं शेवटपर्यंत ऐकलं नाही.

"चाकोभाऊ, माले एक सांगनं शे. रागे भरू नका." ती बसली नाही. "त्या दिन कोणीच आपोआप उनं नव्हतं. मीच बठ्ठास्ले बलायेल व्हतं. भरीत खावाले. तुम्ही तीन दिन जेवनात नही, माले वाटनं तुमनाकडे दाणा नही. एकला माणूसकडे ताट कशी लई जाऊ? मंग बठ्ठी चाळच बलाई. उपास काय ऱ्हास ते माले ठाऊक नव्हतं." आणि मग शेवटचं, "मनी सही खोटी शे, भाऊ."

पास्टर चाकोंनी चष्मा काढला. स्वेटरच्या टोकाला पुसला. पुन्हा घातला नाही.

"तोतारामला माहीत आहे?"

"बठ्ठास्ले माहीत व्हतं."

"चाळीसच्या चाळीस लोकांना?"

"चाळीस बी नव्हतात, भाऊ. सदतीस. रुपचंदना तीन पोरं इकडे-तिकडे पळी ऱ्हायंतात, ती तुम्ही दोनदा मोजात."

उन्हात त्यांचे हात मांडीवर पडून होते, आणि एक बोट हलत होतं, बस. भिकुबाईला वाटलं, संपलं. तोतारामाचं ऐकायला हवं होतं. आपण एका भल्या माणसाच्या हातातली काठी काढून घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"भिकुबाई," ते म्हणाले, "वळकटी आठवते?"

"कसानी वळकटी?"

"त्या दिवशी. माझ्या मागे, खोलीत. बांधलेला वळकटी."

आठवत होती. "खाट नव्हती तुमनाकडे, म्हनीसन बांधेल व्हती ना?"

"खाट होता. आत, कोपऱ्यात." ते तिच्याकडे बघत नव्हते, समोरच्या कुंडीकडे बघत होते. "मी घरी चाललो होतो. अकराची गाडी होती. त्यासाठी दार उघडला."

भिकुबाई आता खाली बसली, पायरीवरच.

"मी खान्देशासाठी प्रार्थना करत नव्हतो. तो मी नंतर सांगायला लागलो. तीन दिवस मी एकच मागत होतो, प्रभू, मला जाऊ दे. पाच महिने झाले, एका माणसाने मला विचारला नाही, तू कोण, कसा आहेस, जेवलास का. मी देवाला सांगितला, चौथ्या दिवशीपर्यंत एक माणूस, फक्त एक, मला काहीतरी विचारेल, तर मी राहतो. नाही तर जातो. चाळीस माणसं मी मागितलीच नव्हती." त्यांनी आता चष्मा डोळ्यांवर चढवला. "दार उघडला. इतके लोक होते, पण कोणी काही बोलत नव्हता. मी गाडीला उशीर होईल म्हणून पाऊल उचलणार होतो. आणि तुम्ही पुढे आलात आणि म्हणालात..."

"जेवनात का," भिकुबाई हळूच म्हणाली.

"पाच महिन्यांत मला तुमच्या भाषेतले तीन शब्द कळत होते. पाणी, भाडं, आणि जेवण."

हॉलमध्ये कोणीतरी उद्याच्या गाण्यांसाठी पेटीचा सूर धरून बघत होतं.

"मंग हाई तुम्ही इतला वरीस सांगं कसं नही?" तिनं विचारलं. आता तिचा आवाज जरा चढला होता. पन्नास वर्षं आपण एकटीच पापी म्हणून मान खाली घालून बसलो आणि हे गृहस्थ!

"लाज वाटली. पास्टर पळून जात होता, हे स्टेजवर कसं सांगायचा?" आणि मग ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची. "तुम्ही लोक आणले म्हणून तुम्हाला लाज. मी वळकटी बांधली म्हणून मला लाज. आणि प्रभू वर बसून दोघांकडे बघत असेल!" भिकुबाई आधी रागानं बघत राहिली, आणि मग तिलाही आवरेना. दिपमाला धावत बाहेर आली, म्हाताऱ्याची साखर वाढली की कमी झाली ते बघायला.

तिला सगळं सांगितल्यावर ती तिथल्या तिथे डोक्याला हात लावून बसली. "तीनशे प्रती, अक्का! तीनशे!" पण मराठीची बाई ती. चुकीचा मजकूर तिच्या हातून उद्या वाटला जाणं शक्यच नव्हतं. दुपारी तिनं महिला मंडळाला हॉलमध्ये बसवलं, प्रत्येकीच्या हातात काळं पेन दिलं आणि नमुना फळ्यावर लिहिला. पहिल्या पानावरचं वाक्य खोडायचं आणि वर नीट अक्षरात लिहायचं, 'मी सगळ्यांना भरीत खायला बोलावलं.' मंडळीच्या इतिहासात एवढी कठीण सेवा कोणी केली नसेल. उपासाचा तिसरा दिवस, पोटात कावळे ओरडतायत, आणि तीनशे वेळा 'भरीत' लिहायचं. मंडळातल्या मोहिनीनं साठाव्या प्रतीला पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, कांद्याची पात पण लिहू का?"

रविवारी हॉल भरून बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. पास्टर चाको काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी गोष्ट सांगितली. वळकटीची, अकराच्या गाडीची, आणि एका प्रश्नाची. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या सवयीनं लोक 'हालेलुया' म्हणायला तयार बसले होते, पण 'आपोआप' शब्द काही आलाच नाही. कुठे ओरडायचं ते कोणाला कळेना. तेव्हा पुढच्या रांगेतून तोतारामआबा हार सावरत उठले.

"मी बी भरीतलेच येल व्हतू," ते म्हणाले. "दोनदा वाढी लिधं. आणि मंग तिसऱ्या दिवशीपासून दारू सुटली ती सुटलीच. हालेलुया!"

आणि गजर झाला. डफाचं फडकं कोणीतरी सोडून टाकलं. बाहेरच्या रिक्षावाल्यांनी माना तर वळवल्याच, एक जण रिक्षा बंद करून खाली उतरला.

भाकरी भिकुबाईच्या हातावर आली तेव्हा तिची मान वर होती. तिनं पास्टरांकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच बघत होते.

उपासना आटोपली आणि मागच्या अंगणात जाळ झाला. वांगी तोतारामआबांनी शुक्रवारीच, भिकुबाईनं तोंड उघडायच्या आधीच, असोद्याहून आणून ठेवली होती. म्हणजे 'चुप बस' म्हणणारा माणूस मनातून कोणत्या बाजूला होता ते कळलं. तीन दिवसांची उपाशी माणसं पंगतीला तुटून पडली. पोरं, सुना, जावई, कोणी सुरतेहून आलेलं, कोणी नाशिकहून, सगळी वाढा-वाढा म्हणतायत, आणि जो तो स्मरणिका उघडून पहिल्या पानावरचं खोडलेलं वाचून हसतोय.

या सगळ्या गोंधळात फोटो काढणाऱ्यांनी पास्टर चाकोंना हॉलच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं आणि फोटो झाल्यावर सगळे जेवायला पळाले होते. ते एकटेच बसून धुराकडे बघत होते. भिकुबाई वाढपाचं भांडं घेऊन जाताना थबकली. त्यांच्या हातात ताट नव्हतं.

"चाकोभाऊ, जेवनात का?"

"नाही," पास्टर म्हणाले. "मला अजून कोणी बोलावला नाही."

भिकुबाईनं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.